कुशनचे बूट की स्टॅबिलिटीचे? बेळगावच्या रस्त्यांवर दोन जोडांची पारख

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळून पहाटे साडेपाचला निघायचे, काँग्रेस रोडने कँपात शिरायचे, पुढे किल्ल्याच्या तलावापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचे, हा माझा गेल्या तीन वर्षांचा नेम आहे. वय ४६, वजन ६८ किलो, आठवड्याला साधारण ३० किलोमीटर धावणे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत मजल, एवढाच माझा व्याप. हे आकडे आरंभीच देतो, कारण बुटांबद्दल मत देणाऱ्याचे वजन आणि त्याचे धावणे किती हे ठाऊक नसेल, तर त्याच्या मताचा वाचणाऱ्याला फारसा उपयोग होत नाही. गेल्या दिवाळीपासून या जूनपर्यंत मी एकाच कंपनीचे दोन जोड आलटून पालटून वापरले. एक कुशनचा, दुसरा स्टॅबिलिटीचा. पहिल्याचे ५४० किलोमीटर झाले आहेत आणि दुसऱ्याचे ४१०.

खरे तर दोन जोड घ्यायचे असे ठरले नव्हते. जुना जोड झिजला म्हणून मी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने माझा डावा बूट उलटा करून पाहिला, आतल्या कडेची झीज बोटाने दाखवली आणि म्हणाला, "सर, तुमचा डावा पाय आत पडतो. तुम्हाला स्टॅबिलिटीच घ्यायला लागणार." निदान इतक्या ठामपणे झाले की मी निमूटपणे ११,९९९ रुपये मोजले. तीन आठवड्यांत डाव्या पायाच्या कमानीखाली फोड आला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक दुखणे सुरू झाले, जे जिना उतरताना हमखास जाणवे. मग चिडून त्याच कंपनीचा कुशनचा जोड १२,४९९ रुपयांना मागवला. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बुटात खोट नव्हती, तो कोणासाठी आहे हे ठरवण्याची रीत चुकली होती, आणि ती रीत बहुतेक सगळ्याच दुकानांत सारखी आहे.

आधी दोन्ही प्रकारांत नेमका फरक काय, ते पाहू. पाय ज्यात बसतो ते वरचे कापड आणि रस्त्याला टेकणारे खालचे रबर यांच्या मध्ये फोमचा जो जाड थर असतो त्याला मिडसोल म्हणतात, आणि बुटाचा सारा स्वभाव तिथे ठरतो. कुशनच्या बुटात, ज्याला दुकानात न्यूट्रल असेही म्हणतात, हा थर आतून बाहेरून एकसारखा मऊ असतो. पाय जसा पडेल तसा तो पडू देतो, फक्त धक्का शोषून घेतो. जुन्या घडणीच्या स्टॅबिलिटी बुटात मात्र आतल्या बाजूला, कमानीखालून टाचेपर्यंत, अधिक घट्ट फोमची पाचर घातलेली असते. ती बहुधा करड्या रंगाची असते आणि दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून पाहिले की आतली बाजू कमी दबते, हे लहान मुलालाही कळावे. पाय आत कलू लागला की मऊ बाजू दबण्याऐवजी ही घट्ट बाजू त्याला अडवते, असा त्यामागचा हिशेब.

अलीकडे मात्र ही अंगठ्याची परीक्षा पुरत नाही. असिक्सचा जेल-कायानो हा या प्रकारातला सर्वांत जुन्या आणि प्रसिद्ध नावांपैकी एक, १९९३ पासून चालत आलेला. पण २०२३ साली आलेल्या त्याच्या तिसाव्या आवृत्तीत ती कडक पाचर काढून टाकली गेली आणि तिच्या जागी रुंद तळ आणि कमानीखाली मऊ पण लवकर उसळणारा फोम आला. ब्रूक्सने आपल्या ॲड्रेनलिन मालिकेत टाचेच्या दोन्ही अंगांना कठड्यासारखी घट्ट पट्टी दिली, तर होकाच्या अराही या बुटात सातव्या आवृत्तीपर्यंत टाचेला वळसा घालून आतल्या बाजूने पुढे जाणारी, इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची घट्ट चौकट असे. चोर्ला घाटातल्या वळणावरचा कठडा गाडीला ढकलत नाही. गाडी कडेला गेली तरच तो कामाला येतो. नवे स्टॅबिलिटी बूट त्या कठड्यासारखे वागू पाहतात, जुने मात्र चालकाच्या हातातले चाकच धरून बसत. माझा जोड जुन्या घडणीचा, पाचरीचा होता, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे.

आता पाय आत पडतो म्हणजे काय, याविषयी. धावताना बहुतेकांची टाच प्रथम बाहेरच्या कडेने टेकते, मग पाऊल आतल्या बाजूला कलते, कमान थोडी खाली बसते आणि वजन पुढे सरकून अंगठ्याच्या बाजूने पाऊल उचलले जाते. या आत कलण्याला प्रोनेशन म्हणतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीकडून परत येतो आणि तो भार पसरवून घेण्याची शरीराची स्वतःची सोय म्हणजे हे कलणे होय. म्हणजे पाय आत कलणे हा दोष नव्हे. तो कलला नाही तरच काळजी करावी. काहींचा पाय गरजेपेक्षा अधिक कलतो हे खरे, पण गरज किती आणि अधिक किती याची रेषा कोणत्याही दुकानात आखलेली नाही.

त्याच अज्ञानातून ओल्या पायाच्या ठशाची चाचणी लोकप्रिय झाली आहे. न्हाणीघरातून निघून शहाबादी फरशीवर पाऊल ठेवायचे, ठसा भरलेला दिसला तर पाय सपाट, मधे बारीक दिसला तर कमान उंच, आणि त्यावरून बूट ठरवायचा. मीही हे केले. गंमत म्हणजे सकाळी माझा ठसा मध्यम उमटला आणि दिवसभर कॉलेजात उभे राहून शिकवल्यावर संध्याकाळी तोच ठसा बराच भरलेला दिसला. उभ्या पायाचा ठसा धावत्या पायाविषयी फार थोडे सांगतो, आणि या चाचणीवर बारा हजार रुपये लावणे म्हणजे पानाचा रंग पाहून झाडाचे वय सांगण्यासारखे आहे.

बुटाच्या झिजेचेही तसेच. टाचेची बाहेरची कड झिजणे जवळजवळ प्रत्येकाच्या बुटात दिसते, कारण टाच तिथेच टेकते. त्यावरून काही निष्कर्ष निघत नाही. माझ्या बाबतीत विक्रेत्याने दाखवलेली झीज वेगळी होती. ती पुढच्या भागात, आतल्या कडेला होती आणि फक्त डाव्या बुटाला होती. उजवा बूट निर्दोष. एकाच माणसाचा एकच पाय आत का पडावा, हा प्रश्न विक्रेत्याला पडला नाही आणि मलाही तेव्हा पडला नाही.

उत्तर काँग्रेस रोडवरच पडले होते. पाणी निघून जावे म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून आपण रस्त्याच्या उजव्या कडेने धावतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे उजवा पाय कायम खालच्या अंगाला आणि डावा कायम वरच्या अंगाला पडतो. वरच्या अंगाच्या पायाखालची जमीन त्याच्या आतल्या बाजूला उतरती असते, म्हणून तो पाय अधिक आत कलतो. परतताना आपण पुन्हा समोरच्या वाहनांकडे तोंड करून, म्हणजे आपल्या उजव्याच कडेने येतो, त्यामुळे जाताना झालेल्या तिरकेपणाची परतताना भरपाई होत नाही. तो दुप्पट होतो. तीन वर्षे, आठवड्याला ३० किलोमीटर, सगळा उतार एकाच अंगाने. डाव्या बुटाची झीज ही बरीचशी रस्त्याची सही होती, असे माझे मत झाले आहे.

ते पडताळण्यासाठी मी जानेवारीपासून वाट बदलली. कँपातल्या ज्या आतल्या रस्त्यांवर पहाटे एकही वाहन नसते तिथे मधोमध किंवा डाव्या कडेने धावू लागलो आणि आठवड्यातून दोनदा व्हॅक्सिन डेपो या झाडीच्या आवारातल्या मातीच्या वाटांवर गेलो. (वाहत्या रस्त्यावर वाहनांकडे पाठ करून धावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.) साधारण २५० किलोमीटरनंतर कुशनच्या जोडाचे दोन्ही तळ शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा डाव्या उजव्यात बोट ठेवून दाखवावा असा फरक उरला नव्हता. एका माणसाच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण एका बुटाच्या झिजेवरून पायाचे निदान करणाऱ्याच्या तुलनेत माझा पुरावा थोडा तरी जड आहे.

आता प्रत्यक्ष धावण्याबद्दल. घरच्या काट्यावर स्टॅबिलिटीचा एक बूट ३१२ ग्रॅम भरला आणि कुशनचा २८१ ग्रॅम. हा ३१ ग्रॅमचा फरक हातात जाणवत नाही, परंतु मिनिटाला १६५ पावले पडतात तेव्हा आठव्या किलोमीटरला पोटऱ्या तो मोजून दाखवतात. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो स्टॅबिलिटीच्या जोडात १० मिलिमीटर आणि कुशनच्या जोडात ८ मिलिमीटर आहे. एवढ्या कमी अंतराने मला काही जाणवले नाही, पण ज्यांच्या टाचेमागच्या शिरेला पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी कमी ड्रॉपच्या बुटाकडे एकदम वळू नये, कारण ड्रॉप घटला की पोटरीवर आणि त्या शिरेवर भार वाढतो.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले आणि त्यानंतर शहरातले बरेच डांबरी रस्ते सिमेंटचे झाले. वाहनांना ते सोयीचे असतील, पण धावणाऱ्याच्या नडग्यांना विचारले तर उत्तर वेगळे येईल. अशा रस्त्यावर कुशनच्या जोडाने मला पहिल्याच आठवड्यात जिंकून घेतले. धक्का गुडघ्यापर्यंत पोचण्याआधीच विरून जातो असे वाटते, सोमवारी सकाळी पाय ताठलेले नसतात, आणि राजहंसगडाचा उतार उतरताना मांड्यांना जो मार बसतो तो निश्चित कमी होतो. स्टॅबिलिटीच्या जोडात त्याच उतारावर टाचेखाली एक प्रकारचा टणकपणा जाणवतो, विशेषतः आतल्या बाजूला, जणू कोणीतरी बुटात घडी केलेला रुमाल विसरले आहे.

पण मऊपणाची किंमत असते आणि ती सपाट रस्त्यावर मोजावी लागत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांची मुळे वाटेवर आली आहेत तिथे, किंवा पेव्हर ब्लॉक उखडलेल्या पदपथाच्या कडेला, उंच आणि मऊ तळ हा शत्रू ठरतो. फेब्रुवारीत अशाच एका कडेवर माझा उजवा घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळला आणि दहा दिवस धावणे बंद राहिले. पाय जमिनीपासून जवळजवळ चार सेंटीमीटर उंच असेल आणि खालचा फोम लोण्यासारखा असेल, तर पावलाला जमीन नीट कळत नाही. गमतीचा भाग असा की या बाहेरच्या बाजूच्या मुरगळण्याला स्टॅबिलिटीच्या बुटातली आतली पाचर मुळीच अडवत नाही; उलट ती पायाला बाहेरच लोटते. 'स्टॅबिलिटी' या शब्दावरून हा बूट खडबडीत वाटेवर स्थिर राहील असा समज करून घेणारे मी अनेक पाहिले आहेत. त्या वाटेवर स्थिर राहतो तो बुटका आणि रुंद तळाचा बूट, मग त्यावर नाव काहीही असो. म्हणूनच आता कुशनचा बूट पाहताना मी प्रथम तो टेबलावर ठेवून मागून पाहतो. तळ वरच्या भागापेक्षा रुंद पसरलेला असेल तर पुढचा विचार. खाली निमुळता असेल तर तो कितीही मऊ असला तरी परत डब्यात.

स्टॅबिलिटीच्या जोडाची बाजूही मांडली पाहिजे, कारण लांब पल्ल्याला त्याने मला चकित केले. बारा तेरा किलोमीटरपर्यंत तो मला कधीच आवडला नाही. पण येळ्ळूरच्या वाटेने सोळा अठरा किलोमीटर होतात, नितंबाचे आणि पोटरीचे स्नायू थकतात, पावले ओढली जाऊ लागतात आणि पाय खरोखरच आत कोसळू लागतो, तेव्हा हा बूट आपले काम करतो. परतीच्या शेवटच्या टप्प्यात त्यात चाल अधिक सरळ राहते असे मला चार पाच वेळा स्पष्ट जाणवले. फोडाचा प्रश्न मी जाड मोजे घालून आणि नाडी वरच्या जादा भोकांतून फास घेऊन बांधल्यावर मिटला; त्या भोकांचा उपयोग टाच घट्ट बसवण्यासाठीच असतो, हे तीन वर्षे धावूनही मला माहीत नव्हते.

निपाणीचा माझा मावसभाऊ मात्र अगदी उलट उदाहरण आहे. त्याचे वजन ९२ किलो, पाय लहानपणापासून सपाट, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले तिथून तो धावण्यापर्यंत पोचला. माझा कुशनचा जोड त्याने दोन फेऱ्या घालून पाहिला आणि म्हणाला, "दादा, मऊ आहे खरं गादीवर चालल्यासारखं वाटतंय, पाय कुठं टेकलाय कळेना." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) त्याच्या वजनाखाली तो फोम आतल्या बाजूला इतका दबत होता की मागून पाहताना बूट कललेला दिसे. त्याने नव्या घडणीचा, पाचर नसलेला पण रुंद तळाचा स्टॅबिलिटी बूट घेतला आणि सात महिने तक्रारीविना वापरतो आहे. त्याला सपाट पाय आहेत म्हणून तो बूट योग्य ठरला, की तो बूट पायात घातल्या घातल्या त्याला बरा वाटला म्हणून, हे विचारण्यासारखे आहे. मला दुसरे कारण अधिक पटते.

तसे पटण्याला आधार आहे. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्ही दलांत नव्या भरतीच्या जवानांना पावलाच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले गेले आणि सरसकट एकच प्रकारचा बूट दिलेल्या जवानांच्या तुलनेत दुखापतींत म्हणावा असा फरक आढळला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे आणि जवानांची पथके पहाटे ज्याच्या रस्त्यांवर धावताना दिसतात, त्या गावाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहणी झाली. ज्यांचे पाय आत कलत होते त्यांना इतरांपेक्षा जास्त दुखापती झाल्या नाहीत. २०२२ साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही पावलाच्या प्रकारानुसार बूट दिल्याने दुखापतीत बहुधा फारसा फरक पडत नाही, असेच निघाले.

मात्र चित्र एकरंगी नाही, आणि ते तसे रंगवणाऱ्यांचा मला राग येतो. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर सहा महिने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधार असलेले बूट घालणाऱ्यांना कमी दुखापती झाल्या आणि हा लाभ मुख्यतः आत कलणाऱ्या पायांना झाला. त्याच देशात पुढे ८४८ धावपटूंवर मऊ आणि कडक कुशनची तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. कडक बुटांत दुखापतीचे प्रमाण अधिक होते, पण मऊपणाचा फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला, जड वजनाच्यांना तसा दिसला नाही. जड माणसाला जास्त कुशन हवे, हा दुकानातला सर्वांत आवडता सल्ला यात टिकत नाही, आणि माझ्या मावसभावाची गादीची तक्रार मला तेव्हा आठवली. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग हे पायाच्या हालचालीचे अभ्यासक तर असे सुचवतात की प्रत्येक शरीराची चालण्याधावण्याची स्वतःची एक पसंतीची वाट असते आणि जो बूट त्या वाटेला कमीत कमी आडवा येतो तोच आपल्याला आरामदायी वाटतो. म्हणून आराम हीच निवडीची चाळणी धरावी.

हे वाचताना मला अथणी आणि निपाणीकडच्या कारागिरांच्या कोल्हापुरी चपला आठवल्या. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि बेळगाव त्यात आहे; सीमेच्या दोन्ही अंगांची इतकी सहज वाटणी दुसऱ्या कोणत्या बाबतीत झालेली आठवत नाही. ती चपल पहिले काही दिवस चावते, मग चामडे पायाच्या आकाराला येते आणि पुढे कितीतरी वर्षे ती आपलीच राहते. धावण्याच्या बुटाकडून ही अपेक्षा ठेवू नये. फोम पायाच्या आकाराला येत नाही, तो फक्त दबत जातो. पहिल्या दहा मिनिटांत जो बूट चावला तो शंभराव्या किलोमीटरलाही चावणार, आणि 'वापरून सैल होईल' असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हसून नमस्कार करावा.

पावसाळ्यात दोन्ही जोडांची परीक्षा सारखीच कठोर झाली. जूनमध्ये जांभ्या मातीचा लाल चिखल तळाच्या खाचांत बसला की पकड नाहीशी होते आणि तिथे कुशन, स्टॅबिलिटी हा भेद उरत नाही. शेवाळलेल्या सिमेंटवर माझे दोन्ही जोड घसरले. फरक पडला तो वाळण्यात. जाड अस्तराचा स्टॅबिलिटी बूट वाळायला दोन दिवस घेतो, कुशनचा एका रात्रीत बऱ्यापैकी सुकतो. आतला इनसोल काढून वेगळा ठेवावा, बुटात जुन्या तरुण भारतचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी ते बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवला तर फोम आणि चिकटवलेला तळ दोन्हींचे आयुष्य घटते. खानापूर, जांबोटीकडच्या वाचकांनी पावसाळ्यासाठी जुना जोड राखून ठेवावा आणि नवा उघडूच नये.

खरेदीबाबत थोडे. खडेबाजार आणि गणपत गल्लीतल्या दुकानांत प्रेमाने चहा मिळतो, पण धावण्याच्या बुटांत रुंदीचे प्रकार मिळणे कठीण. ब्रँडच्या दालनांतही मापे असतात, रुंदी बहुधा एकच. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेत वाढलेले पाय चवड्याला पसरट असतात, आणि माझ्या पाहण्यात सपाट पायाची म्हणून सांगितली गेलेली निम्मी दुखणी ही अरुंद बुटाची असतात. ज्या मॉडेलमध्ये रुंद माप मिळते, जे बुटावर २ई असे लिहिलेले असते, ते ऑनलाइन मागवून, परत करण्याची मुदत पाहून, घरात फरशीवर चालून पाहावे. दुकानात जायचे तर संध्याकाळी जावे, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि धावण्याचेच मोजे सोबत न्यावेत. अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. एका पायात कुशनचा आणि दुसऱ्यात स्टॅबिलिटीचा बूट घालून दुकानाच्या दारापर्यंत दहा फेऱ्या मारा, मग पाय बदलून पुन्हा दहा. लोक बघतील, बघू द्या. मला हे आधी सुचले असते तर बारा हजार वाचले असते.

आयुष्याबद्दल म्हणाल तर धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असा संकेत आहे. माझ्या कुशनच्या जोडात ४५० किलोमीटरनंतर टाचेखालचा मऊपणा उतरू लागला, तर स्टॅबिलिटीचा जोड ४१० ला अजून जवळपास नव्यासारखा कडक आहे. प्रति किलोमीटर हिशेब केला तर तो स्वस्त पडेल, पण न आवडणारा बूट स्वस्त पडला म्हणून कोणी रोज घालत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. नव्याने धावू लागलेल्या, मध्यम किंवा हलक्या वजनाच्या आणि काही विशिष्ट दुखणे नसलेल्या माणसाने रुंद तळाचा कुशनचा बूट घ्यावा. जो त्यात डळमळतो, ज्याचा बूट मागून पाहता आत कललेला दिसतो किंवा ज्याचे पाय लांब पल्ल्याच्या शेवटी कोसळतात, त्याने नव्या घडणीचा स्टॅबिलिटी बूट पायात घालून पाहावा आणि तो बरा वाटला तरच घ्यावा. पाचरीचे जुने मॉडेल सवलतीत मिळते म्हणून घेऊ नये. गुडघा किंवा टाच महिनाभर दुखत असेल तर बुटाच्या दुकानाऐवजी फिजिओथेरपिस्टकडे जावे. माझ्यापुरते सांगायचे तर कुशनचा जोड गणेशोत्सवापर्यंत चालेल आणि मग त्याच्याच जागी दुसरा येईल, या वेळी २ई रुंदीचा. स्टॅबिलिटीचा जोड राजहंसगडाच्या रविवारांसाठी राखला आहे, आणि त्या रविवारी परतताना, वाहने नसतील तिथे, मी आता रस्त्याच्या मधोमध धावतो.